देवय्यांची गोष्ट आपल्याला समोरच्यांकडून का कळावी? संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागास खुले पत्र

प्रति,
संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग, तसेच हवाई दलाचे जुने दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे ते सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

महोदय,

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की फाइलला लावायचं हे आपल्याला ठरवता येईल. 1965 च्या भारत-पाक लढाईत 7 सप्टेंबर रोजी पंजाबातल्या आदमपूर हवाई तळावरून उडालेल्या एक नंबर स्क्वाड्रनच्या त्या दिवसाच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवा आणि ज्याला पाहायच्या असतील त्याला पाहू द्या. बाकीच्या हजारो पानांचं आपण नंतर बोलू.

हाच दिवस का? कारण त्या पहाटे तिथून गेलेले स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या परत आले नाहीत, आणि ते नेमके कसे गेले याचा पत्ता या देशाला चौदा वर्षं लागला नाही. लागला तोही आपल्या कपाटातून नाही. जॉन फ्रिकर नावाच्या एका ब्रिटिश लेखकानं 1979 मध्ये त्या हवाई युद्धावर पुस्तक काढलं, त्याला पाकिस्तानी हवाई दलानं माहिती पुरवली होती, आणि त्या पुस्तकात आपल्या माणसाचा पराक्रम समोरच्यांच्या तोंडून छापून आला. त्यानंतर आणखी नऊ वर्षांनी, 1988 मध्ये, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. मृत्यू आणि पदक यांच्यात तेवीस वर्षं गेली. दोन लहान मुली मागे ठेवून ते गेले होते. पदक आलं तोवर त्या मोठ्या झाल्या होत्या.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा कारागीर होतो. वैमानिकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मी हँगरमधला माणूस, पासष्टच्या लढाईनंतर भरती झालेला. त्यामुळे मी पाहिलं असं इथे काही नाही. पण विमान उडतं तेव्हा त्याच्यामागे जमिनीवर काय काय कागद राहतात, हे मला माहीत आहे. हे पत्र त्या कागदांबद्दल आहे.

आधी ती रात्र डोळ्यांसमोर आणा. 6 सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या बाजूनं सरहद्द ओलांडून गेलं होतं. त्याच संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर झडप घातली आणि आपली दहा विमानं जमिनीवरच जळाली. त्यात नवी कोरी मिग-21 होती. हलवाऱ्यावर हल्ला झाला. अंधार पडल्यावर पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या तिन्ही तळांच्या आसपास पाकिस्ताननं छत्रीधारी कमांडो उतरवले. म्हणजे ज्या तळावर पहाटेच्या हल्ल्यासाठी विमानं तयार करायची होती, त्याच तळाच्या भोवतालच्या शेतांतून त्या रात्री शत्रूची माणसं फिरत होती.

अशा रात्री विमान तयार करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ब्लॅकआउटमध्ये टॉर्चच्या काचेला लाल कागद लावतात. त्या उजेडात हायड्रॉलिकचा थेंब आणि दवाचा थेंब सारखाच दिसतो, म्हणून बोट लावून वास घ्यायचा. इंधन भरायचं, तोफेचे पट्टे चढवायचे, टायरवरून हात फिरवायचा. आणि हे सगळं झालं की फॉर्म 700 वर सह्या करायच्या. एअरफ्रेमवाल्यानं आपल्या रकान्यात, इंजिनवाल्यानं त्याच्या, मग इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आर्मामेंट. शेवटी वैमानिक येतो, विमानाभोवती एक फेरी मारतो, फॉर्म चाळतो आणि सही करून विमान ताब्यात घेतो. त्या सहीनंतर ते विमान त्याचं. उतरल्यावर त्यानंच यायचं आणि काही बिघाड जाणवला असेल तर लिहायचं. आमच्या भाषेत स्नॅग. बहुतेक वेळा 'काही नाही' एवढंच लिहिलेलं असायचं आणि ते वाचून आम्हाला जे बरं वाटायचं ते कुठल्या प्रशस्तिपत्रानं वाटलं नसतं.

फॉर्म 700 विमानाबरोबर जात नाही. तो खाली राहतो.

देवय्या त्या दिवशी मुळात जाणारच होते असं नाही. ते मूळचे कर्नाटकातल्या कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. जन्म 24 डिसेंबर 1932. 1954 मध्ये हवाई दलात वैमानिक म्हणून दाखल झाले. लढाई सुरू झाली तेव्हा ते एअर फोर्स फ्लाइंग कॉलेजात प्रशिक्षक होते, तिथून एक नंबर स्क्वाड्रनकडे आले. पाकिस्तानातल्या सरगोधा तळावरचा हल्ला ठरला तो मिस्टिअर या फ्रेंच बनावटीच्या बारा लढाऊ विमानांचा, विंग कमांडर ओ. पी. तनेजांच्या नेतृत्वाखाली. सोबत दोन विमानं राखीव. बारातलं एखादं गळालं तर राखीवातल्यानं त्याची जागा घ्यायची, नाहीतर परत फिरायचं. देवय्या राखीवात होते. एक विमान गळालं, त्यांनी जागा भरली.

आदमपूर ते सरगोधा सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. पाकिस्तानी हवाई दलाचा तो सगळ्यात मोठा लढाऊ तळ. रडारपासून वाचायचं म्हणून जमिनीलगत जायचं, आणि जेट इंजिन खालच्या उंचीवर इंधन ढसाढसा पितं. जाऊन येऊन मिस्टिअरचा पल्ला जेमतेम पुरणार होता. रेडिओ बंद. उजाडायच्या आधीचा अंधार. घड्याळ आणि होकायंत्र यांवर भरवसा ठेवून तितकं अंतर कापायचं. लक्ष्यावर एकदा मारा करायचा, आणि तिथून निघायचं. वाटेत लढायला थांबणं हे त्या इंधनाच्या हिशेबात बसतच नव्हतं.

परतीच्या वाटेवर देवय्यांना स्टारफायटरनं गाठलं. एफ-104. अमेरिकेनं पाकिस्तानला दिलेली ही विमानं त्या वेळी आशियातल्या या भागात दहशतीचा विषय होती. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जायची. मिस्टिअर सूर मारतानाच जेमतेम ध्वनीचा वेग ओलांडायचं. स्टारफायटरमध्ये होते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. त्यांनी सोडलेलं क्षेपणास्त्र वाया गेलं. मग त्यांनी तोफ चालवली आणि मिस्टिअरला मार बसला. हे विमान संपलं असं समजून त्यांनी मोहरा वळवला. ते संपलं नव्हतं. मार खाल्लेलं मिस्टिअर घेऊन देवय्या त्यांच्या अंगावर गेले, जमिनीजवळच्या त्या झटापटीत वळण आवळून घेण्याची मिस्टिअरची ताकद कामाला आली, आणि 30 मिलिमीटरच्या तोफांचे गोळे स्टारफायटरला लागले. अमजद हुसेन पॅराशूटनं उतरले आणि वाचले. देवय्या वाचले नाहीत.

त्या क्षणी देवय्यांच्या मनात काय आलं, त्यांना घर आठवलं का, मुली आठवल्या का, यावर हल्ली फार सुंदर सुंदर परिच्छेद फिरतात. मी ते लिहिणार नाही. आपल्याला ते माहीत नाही. एवढं मात्र कुठल्याही फिटरला कळतं की मार खाल्लेल्या विमानात इंधन पुरेलच याची खात्री नसताना लढाईत शिरणाऱ्या माणसाला आपण परत पोचणार नाही, हा हिशेब करता येत होता. ते प्रशिक्षक होते. तो हिशेब तर ते इतरांना शिकवत होते.

बाकीची मिस्टिअर आदमपूरला उतरली. देवय्या कुठे गेले हे कुणालाच सांगता येईना. त्यांची झुंज आपल्या कुणीही पाहिलेली नव्हती. विमानभेदी तोफेला बळी पडले असतील, वाटेत इंधन संपलं असेल, जमिनीलगत उडताना आदळले असतील. नोंद झाली ती बेपत्ता अशी. त्या विमानाचा फॉर्म 700 तिथे कुणाच्या तरी हातात राहिला असणार. ताब्यात घेतल्याची सही वर, आणि उतरल्यानंतरचा रकाना कोरा.

महोदय, इथवर मी जे लिहिलं त्यातल्या लढाईच्या भागातलं जवळपास काहीही आपल्या सरकारी कागदांतून लोकांपुढे आलेलं नाही. सुरुवात फ्रिकरच्या पुस्तकानं झाली. पाकिस्तानी हवाई दलाचे निवृत्त एअर कमोडोर कैसर तुफैल यांनी पुढे त्यात खणून भर घातली. देवय्यांचा देह शेतात मिळाला आणि तिथल्या गावकऱ्यांनीच तो दफन केला, हेही आपल्याला तिकडूनच समजलं. इकडे काही निवृत्त अधिकाऱ्यांनी आणि हौशी अभ्यासकांनी पदरमोड करून जुन्या वैमानिकांना गाठलं, त्यांच्या आठवणी टिपल्या, दोन्ही बाजूंचं ताडून पाहिलं. देवय्यांच्या पदकासाठी त्यांचे तेव्हाचे कमांडर तनेजा यांनी स्वतः पाठपुरावा केला. या सगळ्या माणसांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण हे काम त्यांचं होतं का?

एक गोष्ट तर मला फारच टोचते. अमजद हुसेन 1971 मध्ये पुन्हा लढायला आले. डिसेंबरात अमृतसरच्या रडारवर हल्ला करताना आपल्या विमानभेदी तोफांनी त्यांचं विमान पाडलं आणि ते जिवंत हाती लागले. युद्धकैदी म्हणून ते आपल्याकडे होते. सरगोध्याच्या आकाशात 7 सप्टेंबरच्या सकाळी काय झालं हे सांगू शकणारा जगातला एकमेव माणूस आपल्या ताब्यात होता. त्यांना कुणी विचारलं का? विचारलं असेल, तर त्यांनी काय सांगितलं? जबाब झाला असेल तर तो आपल्याच कुठल्यातरी गठ्ठ्यात असायला हवा. पुढच्या काळात तरी त्याचा कुठे मागमूस दिसत नाही. अर्थात त्या वेळी विचारायला देवय्यांची आठवण कुणाला असायला हवी होती, आणि ज्याची नोंद 'बेपत्ता' एवढ्यावर मिटवली जाते त्याची आठवण दप्तराला राहत नाही.

उलट बाजू बघा. त्याच 7 सप्टेंबरला, त्याच सरगोध्यावर, पाकिस्तानच्या स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांनी मिनिटभरात आपली पाच हंटर विमानं पाडल्याचं जाहीर झालं. आपल्याकडच्या अभ्यासकांनी या आकड्यावर रास्त शंका घेतल्या आहेत. पण तिकडे ती गोष्ट तेव्हापासून शाळकरी पोराच्या तोंडी आहे आणि 7 सप्टेंबर हा त्यांचा हवाई दल दिन आहे. त्याच दिवशी त्याच परिसरात आपल्या एका माणसानं जुनाट विमानातून त्यांचं सर्वांत आधुनिक विमान पाडलं, आणि आपल्याला पत्ता नाही. आलम यांचा दावा खोडायचा तरी तो कशाच्या जोरावर? त्या दिवशी कुठलं विमान कुठल्या तळावरून किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, कुठलं उतरलंच नाही, हे आपल्याच वह्यांत आहे. त्या वह्या दाखवल्या की वाद एका दुपारी मिटेल. त्या बंद ठेवल्या म्हणून तो साठ वर्षं चालला आहे.

आता आपलं उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, नोकरी सरकारीच केली. सुरक्षेचा प्रश्न आहे, असं म्हणाल. मिस्टिअर विमानं 1973 मध्ये निवृत्त झाली. त्यांचे सांगाडे संग्रहालयांत उभे आहेत आणि शाळेच्या सहली त्यांच्यासमोर फोटो काढतात. स्टारफायटर पाकिस्ताननं केव्हाच मोडीत काढलं. सरगोध्याची धावपट्टी आज कुणीही फोनवर नकाशा उघडून बोटानं मोठी करून पाहू शकतो. 1965 च्या सप्टेंबरात पहाटे किती वाजता कोण उडालं यात आज कुठलं गुपित उरलं आहे?

शिवाय नियम तुमचाच आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 चा. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनं युद्धांचे इतिहास लिहून काढा आणि कागदांवरची गोपनीयता उठवण्याचं स्पष्ट धोरण ठेवा असं सांगितलं. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयानं तसं धोरण जाहीरही केलं: युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती, मग तीन वर्षांत इतिहासाचं संकलन, आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले. त्या दिवशी वर्तमानपत्रातलं ते कात्रण मी कापून ठेवलं. पासष्टच्या लढाईला पंचवीस वर्षं 1990 मध्ये झाली, एकाहत्तरच्या लढाईला 1996 मध्ये आणि कारगिलला 2024 मध्ये. धोरणाची शाई वाळली, घोडं कुठे अडलं?

1965 चा अधिकृत इतिहास आपल्याच विभागानं 1992 मध्ये तयार केला होता, हे मला ठाऊक आहे. तो मोजक्या लोकांपुरता ठेवला गेला आणि 2000 मध्ये एका वृत्तपत्रानं तो इंटरनेटवर टाकला तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्यांना वाचायला मिळाला. आकाश कोसळलं नाही. कुठली लढाई हरलो नाही. उलट त्यात चुकांचीही प्रामाणिक चर्चा आहे आणि ती वाचून हवाई दलाबद्दलचा माझा आदर वाढला. तरी आपण तेच करत राहतो. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, आणि त्यातला बराच भाग एका परदेशी पत्रकारामुळे जगाला वाचायला मिळालेला आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते कुणापासून?

खरं कारण मला वाटतं ते वेगळं आहे. कागद उघडले की पराक्रम दिसतो तशा चुकाही दिसतात. पठाणकोटला विमानं उघड्यावर का उभी होती, हा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंनी पाडलेल्या विमानांचे जे आकडे सांगितले ते फुगवलेले होते, हेही येतं. एखाद्या थोर अधिकाऱ्यानं त्या दिवशी घाई केली, एखादी सूचना वेळेवर पोचली नाही, हेही येईल. येऊ द्या. हवाई दलात अपघात झाला की चौकशी होते आणि चौकशीत फिटरच्या सहीपासून कमांडिंग ऑफिसरच्या निर्णयापर्यंत सगळं बाहेर काढलं जातं. त्यातून पुढचं विमान वाचतं. ज्या संस्थेला हे शहाणपण अपघाताच्या बाबतीत आहे, तिनं इतिहासाच्या बाबतीत अंग चोरू नये.

आणि कागद बंद राहिले म्हणजे गोष्ट थांबते असंही होत नाही. ती कुणीतरी दुसरंच सांगतं. देवय्यांवरून बेतलेला एक हिंदी सिनेमा 2025 मध्ये येऊन गेला. सिनेमावाल्यांनी नावं बदलली, हवं तिथे मसाला घातला. तो त्यांचा धंदा आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण माझ्या घरच्या पोरांना आता देवय्या म्हटलं की सिनेमातला प्रसंग आठवतो, आणि खरं काय झालं असं विचारलं तर मी त्यांच्यापुढे ठेवायचं काय? एका इंग्रजाचं पुस्तक आणि एका पाकिस्तानी अधिकाऱ्याचे लेख? दर 7 सप्टेंबरला मोबाइलवर जे संदेश येतात त्यांत तर देवय्यांच्या पदकापासून वयापर्यंत काहीही असतं. वय बत्तीस होतं, तेहतीस पूर्ण व्हायला साडेतीन महिने बाकी होते. एवढं साधं गणितही नीट होत नाही, कारण तपासायला अधिकृत पान नाही.

थोडं दूरचं उदाहरण देतो. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय, जन्म 2 डिसेंबर 1898. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात फ्रान्सवर लढला. जुलै 1918 मध्ये तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि 22 जुलैला तो लढतानाच पडला. वय एकोणीस. त्याची कबर फ्रान्समध्ये आहे. ब्रिटिश स्क्वाड्रनांचे त्या काळचे कागद, वैमानिकांनी उतरल्यावर लिहून दिलेले लढाईचे अहवाल, लंडनजवळ क्यू इथल्या अभिलेखागारात कुणालाही मागवून पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदवह्या तर घरबसल्या उघडता येतात. म्हणजे परक्या सरकारसाठी परक्या मुलखात मेलेल्या भारतीय पोराचा माग काढणं, स्वतंत्र भारताच्या गणवेशात मेलेल्या देवय्यांचा माग काढण्यापेक्षा सोपं आहे. हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही.

देवय्यांच्या घरच्यांना निदान उत्तर तरी मिळालं, उशिरा का होईना. ज्यांना ते मिळालं नाही त्यांचं काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे आपल्या मराठी वाचकांना वेगळे सांगायला नकोत. 5 डिसेंबर 1971 रोजी सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट तळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत तांबे या नावाशी जुळणारं नाव आलं होतं. पाकिस्ताननं मात्र असा कुणी आपल्याकडे असल्याचं कधी मान्य केलं नाही. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत त्यांचं नाव वर्षानुवर्षं आहे. या प्रकरणाचं राजकारण आणि मुत्सद्देगिरी मला कळत नाही आणि मी त्यात पडत नाही. पण त्या सुखोईच्या शेवटच्या उड्डाणाची नोंद, सोबतच्या वैमानिकांनी उतरल्यावर काय सांगितलं ते, शेवटचा रेडिओ संदेश असेल तर तो, एवढं तरी त्यांच्या माणसांना आणि अभ्यासकांना सहज मिळायला काय हरकत आहे? त्यासाठी पाकिस्तानची परवानगी लागत नाही.

राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 मध्ये उभं राहिलं. मी गेलो होतो. ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत, सोनेरी अक्षरांत. लोक नाव शोधतात, बोट ठेवतात, फोटो काढतात. माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलाला विचारत होत्या, हे कुठे गेले रे, कशात गेले? मुलानं फोन काढला आणि शोधू लागला. तिथे उत्तर द्यायला फोनच होता. त्या प्रत्येक नावामागे एखादी वही आहे, एखादा फॉर्म आहे, एखाद्या मेसमधला हिशेब आहे. दगडावर नाव कोरणं हे खर्चाचं काम आपण मनापासून केलं. वही उघडणं त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

कागद उरलेच नसतील, अशीही शक्यता आहे. फॉर्म 700 सारखे कागद ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात, हे मी जाणतो, कित्येक गठ्ठे मी स्वतः बांधून दिले आहेत. पण युद्धात न परतलेल्या विमानाचा फॉर्म आणि रोजच्या सरावातल्या विमानाचा फॉर्म एकाच गठ्ठ्यात रद्दीला गेला असेल, तर तसं एका ओळीत लेखी सांगा. तेही उत्तरच आहे. लोक निदान शोधणं थांबवतील. स्क्वाड्रनची रोजची नोंदवही मात्र रद्दीत जात नाही. ती कुठेतरी आहे.

म्हणून पुन्हा माझ्या मागणीकडे येतो आणि ती जरा नेमकी करतो. आदमपूर तळ, एक नंबर स्क्वाड्रन, 7 सप्टेंबर 1965: त्या दिवसाच्या नोंदवहीचं पान. हल्ल्यावरून परतलेल्या वैमानिकांनी दिलेले अहवाल. देवय्यांना बेपत्ता ठरवतानाची टिपणं आणि 1980 च्या दशकात पदकाचा विचार झाला तेव्हाचा पत्रव्यवहार. अमजद हुसेन यांचा 1971-72 मधला जबाब, झाला असेल तर. यातलं एखादं पान आजही गोपनीय ठेवायचं असेल, तर कुठलं आणि कशासाठी, तेवढं नोंदवा आणि बाकीचं द्या.

याच आशयाचा अर्ज मी माहितीच्या अधिकाराखाली या पत्रासोबतच टाकला आहे. वयामुळे दिल्लीला खेटे घालणं आता जमत नाही, त्यामुळे टपालानं कळवलं तरी चालेल. झेरॉक्सचं शुल्क किती पानांचं किती ते आधी सांगा, मी पोस्टल ऑर्डर पाठवतो. मूळ पान जीर्ण झालं असेल तर ते हाताळू नका, फोटो काढून पाठवा.

आपला,
हवाई दलातला एक निवृत्त एअरफ्रेम फिटर